मळणीची फळी

मुस्तुलुस : ...तर ज्या वर्षी सिद्दिना नवरी होऊन या घरात आली, त्या वर्षीची ही फळी. तिच्या बापाने स्वतःच्या हाताने केली. वऱ्हाडाच्या गाडीत पुढे नवरी आणि मागे ही. आमचं गाव काय कमी आहे? म्हणाले, मुस्तुलुसला एकदम दोन बायका आल्या, एक बोलणारी आणि एक नुसत्या दातांची.

दामास : आणि जास्त कोण चावली?

मुस्तुलुस : मास्तर, तुम्ही देवाची पत्रं उतरवणारे, आणि असलं विचारता? बघा काय बघायचं ते लवकर. सिद्दिना धुणं घेऊन ओढ्यावर गेलीय. ती यायच्या आत मला ही परत तुळईला टांगायची आहे. अकरा वर्षं वर होती. तुम्ही म्हणालात म्हणून उतरवली.

दामास : काकूंनी बघितली तर रागावतील?

मुस्तुलुस : रागावली तर बरं. ती एक शब्द बोलणार नाही, आणि मग चार दिवस बोलणार नाही.

दामास : त्या बोलतातच कमी. साधी हाकसुद्धा मारत नाहीत. परवा मी अंगणात लिहीत बसलो होतो, तर मागे येऊन उभ्या. खांद्याला बोट लावलं. मी एवढा दचकलो की दौत सांडली.

मुस्तुलुस : ती कुणालाच हाक मारत नाही. बकरी रानात गेली तर रानात जाऊन कान धरून आणते.

दामास : पहिल्यापासून असंच?

मुस्तुलुस : तुम्हाला फळीचं विचारायचं होतं ना?

दामास : हो, हो. खरं तर काकूंमुळेच आलो. मागच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर वेस्तुलाआजीने त्यांना विचारलं, कशी आहेस बाई. काकू म्हणाल्या, "आहे, त्रिबुलुमखाली." आजीने नुसती मान हलवली. भोवतीच्या बायकांनीही हलवली. मला एकट्यालाच काही कळलं नाही. आमच्या कार्थेज शहरात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही.

मुस्तुलुस : कार्थेजमध्ये भाकरी आभाळातून पडत असेल.

दामास : थट्टा पुरे, काका. मला एक शब्द हवाय. इथे आल्यापासून दोन वर्षं शोधतोय. ग्रीक पत्रांत तो पानापानावर येतो. थ्लिप्सिस. माणूस दोन्हीकडून आवळला जातो, वरून ओझं येतं, श्वासाला जागा उरत नाही, तेव्हाचा शब्द आहे तो. ज्यांची माणसं शिपायांनी नेली, त्यांच्यासाठी ते पत्र आहे. ते मला तुमच्या बोलीत उतरवायचंय.

मुस्तुलुस : मागे एक शब्द घातला होतात की. तेलाच्या घाण्याचा.

दामास : प्रेस्सुरा. तुम्हीच वाचलात तो. आणि सगळी सभा हसऱ्या तोंडाने ऐकत बसली.

मुस्तुलुस : बसणारच. घाण्याचा दाब म्हटलं की आम्हाला ताजं तेल दिसतं आणि त्यात बुडवलेली गरम भाकरी. शेजारच्या सातुरने तर ओठ चाटले. मी वाचत होतो, मला समोरून दिसलं. मी पुढची ओळच विसरलो.

दामास : तुम्ही ओळ विसरला नव्हता. ओळ चुकला होता.

मुस्तुलुस : पन्नाशीनंतर अक्षरं शिकलेल्या माणसाला तेवढं चालायचं.

दामास : चालायचं. आता सांगा, हे दगड कसले?

मुस्तुलुस : गारगोट्या. ओढ्यातल्याच. फोडून धार काढायची, लाकडाला खाच पाडायची आणि मोगरीने ठोकून बसवायची. साडेतीनशे आहेत. सासऱ्याने हिवाळाभर हेच केलं. हात फिरवा, पण उलटा फिरवू नका.

दामास : आई गं!

मुस्तुलुस : सांगत होतो. घाला बोट तोंडात. ही बाजू खाली असते. खळ्यावर कणसं पसरायची, गुडघ्याएवढी. बैल जुंपायचे, त्यांच्या मागे ही, आणि गोल गोल हाकायचं. दिवसभर गोल. दगड कणसाला घासत जातात. घासण्याला आम्ही तेरेरे म्हणतो. ज्याने घासायचं ते त्रिबुलुम, म्हणजे ही फळी. यात विद्या काही नाही. माझ्या आजीला हे ठाऊक होतं, आणि तिला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं.

दामास : एवढे दात वरून फिरतात, मग दाणा फुटत कसा नाही?

मुस्तुलुस : फुटला तर हाकणारा गाढव. सगळी करामत वजनाची आहे. नुसती फळी ओढली तर ती कणसावरून उड्या मारत जाते. मोठा माणूस वर उभा राहिला तर दाण्याचा भुगा होतो. बेताचं वजन हवं. तेवढं असलं की काडाचं भूस होतं, टरफल निघतं आणि दाणा अख्खा सुटतो.

दामास : अख्खा सुटतो! काका, हाच. हाच शब्द. घाण्यात ऑलिव्हचं काही उरत नाही, चोथा होतो. इथे घासलं जातं ते दाणा मोकळा व्हावा म्हणून. त्रिबुलुमवरून मी त्रिबुलातिओ करीन. ऐकल्या ऐकल्या वेस्तुलाआजीलाही कळेल.

मुस्तुलुस : दाणा मोकळा व्हावा म्हणून. हे तुम्ही कणसाला विचारलंत?

दामास : म्हणजे?

मुस्तुलुस : काही नाही. तो शब्द घेऊ नका.

दामास : का? तुम्हीच आत्ता सांगितलंत...

मुस्तुलुस : सांगितलं. आता सांगतो, घेऊ नका. पत्र मी वाचतो. दर रविवारी मी उभा राहतो. पानापानावर येतो म्हणालात ना? पानापानावर माझ्याने तो उच्चारला जाणार नाही.

दामास : काका, काय झालं होतं?

मुस्तुलुस : बेताचं वजन म्हणजे काय, तुम्ही विचारलं नाहीत. बेताचं वजन म्हणजे पोर. गावातली सगळी पोरं फळीवर बसतात. मी बसलो, माझा बाप बसला. पोरांना तो खेळ, आपलं काम होतं. माझी पोर होती, दातिवा. सहा वर्षांची. मळणीच्या दिवसांत ती अंधारात उठून खळ्यावर जाऊन बसायची, कुणी दुसरं तिच्या आधी फळीवर बसू नये म्हणून.

दामास : तुम्हाला मुलगी होती, हे मला कुणी...

मुस्तुलुस : टोळधाड आली त्याच्या पुढच्या वर्षी. चौथा दिवस होता. मी बैलांच्या तोंडाशी होतो, कासरा धरून. सिद्दिना पाणी घेऊन घराबाहेर आली, तिने हाक मारली. दातिवा, पाणी पी. पोर हाकेला वळली आणि पुढे घसरली. साडेतीनशे दगड. बैल काय, बैलाला काय कळतं. ते आणखी चार पावलं गेले.

दामास : देवा. म्हणून काकू हाक...

मुस्तुलुस : म्हणून. आता धरा ती बाजू, वर टांगू. ती येईल एवढ्यात.

(सिद्दिना धुणं काखेत घेऊन दाराशी उभी आहे. ती कधी आली ते दोघांनाही कळलेलं नाही.)

सिद्दिना : कशाला टांगता? उतरवलीत तर असू द्या.

दामास : काकू! तुम्ही... माझा जीव गेला असता.

सिद्दिना : बसा, दामासभाऊ. ओढ्याला पाणी नाही, गाळ आहे नुसता. धुणं होतं तसंच परत आणलं. जेवलात का? टोपलीत भाकरी आहे, कांदा आहे. यांनी तुम्हाला पाणी तरी विचारलं?

मुस्तुलुस : सिद्दिना, मास्तरांना एक शब्द हवा होता, म्हणून...

सिद्दिना : ऐकलं. दाणा सुटतो इथपासून ऐकलं.

दामास : काकू, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी विचारलंच नसतं. तो शब्द मी घेत नाही.

सिद्दिना : का? तो शब्द मीच तर बोलले होते. तुम्ही बघा फळी, नीट बघा. माझ्या बापाचं काम आहे. गावात अशी दुसरी नाही. सातुरची बघितलीत का? तिचे दगड दर वर्षी पडतात.

दामास : सातुरची बघितली. कालच. तिला पुढे एक उंच आडपट्टी आहे, हातभर. हिला नाही. मी मघापासून विचारणार होतो.

सिद्दिना : होती. त्याहून चांगली होती. पोरांनी तिला पाय टेकून बसायचं. बापाने तिच्यावर वेल कोरला होता. त्या दिवशी बैल बुजले, त्यात मोडली.

दामास : मोडली?

सिद्दिना : हे म्हणाले.

दामास : पण इथे तर... जाऊ द्या.

सिद्दिना : काय?

दामास : काही नाही, काकू. मला शेतीतलं काय कळतं.

सिद्दिना : शेतीतलं कळत नाही, लाकडातलं कळतं. लिहायच्या पाट्या तुम्ही स्वतः कापून करता. हात कशावर ठेवलाय तुम्ही?

मुस्तुलुस : सिद्दिना, ऊन वर आलंय. मास्तरांना घरी जाऊ दे.

सिद्दिना : मी त्यांना विचारतेय.

दामास : मोडलेल्या लाकडाला तुसं निघतात, काकू. हे सरळ आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत करवतीच्या रेघा आहेत.

सिद्दिना : अहो.

मुस्तुलुस : मास्तर, धरा ती बाजू, टांगू.

सिद्दिना : अहो, तुम्हाला विचारतेय. माझ्या बापाने ठोकलेली पट्टी करवतीने कशी मोडली?

मुस्तुलुस : भूस अडकायचं.

सिद्दिना : काय?

मुस्तुलुस : पट्टीच्या पुढे काड साठायचं. दर फेऱ्याला बैल थांबवायचे, काड काढायचं, पुन्हा हाकायचं. शेजारच्या खळ्यावर सातुरची दुसरी रास लागली तरी माझं पहिलंच पसरलेलं. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर ओरडला, सासऱ्याची फळी आहे रे, जपून चालव, नाहीतर बायको माहेरी जाईल. लोक हसले.

सिद्दिना : लोक हसले.

मुस्तुलुस : चौथ्या दिवशी पहाटे मी करवत घेतली. तू झोपलेली होतीस. कापायला किती वेळ लागतो? चूळ भरायला लागतो तेवढा.

सिद्दिना : ती तिथे होती? पोर?

मुस्तुलुस : ती कधी नसायची?

सिद्दिना : काही बोलली?

मुस्तुलुस : नको, सिद्दिना.

सिद्दिना : काय बोलली ती?

मुस्तुलुस : म्हणाली, बाबा, आता मी पाय कुठे टेकू?

दामास : मी बाहेर थांबतो.

सिद्दिना : इथेच थांबा, दामासभाऊ. अकरा वर्षांनी घरात कुणीतरी बोलतंय. आणि तुम्ही काय म्हणालात तिला?

मुस्तुलुस : म्हणालो, घट्ट धरून बस.

सिद्दिना : काय धरून?

मुस्तुलुस : धरायला काही नव्हतं.

सिद्दिना : पट्टी कुठे आहे?

मुस्तुलुस : चुलीत घातली. सगळी माणसं पोरीपाशी होती तेव्हा.

सिद्दिना : वेल कोरलेली होती ती.

मुस्तुलुस : हो.

सिद्दिना : माझा बाप आला दुसऱ्या दिवशी. त्याने विचारलं, कसं झालं. तुम्ही म्हणालात, हिने हाक मारली आणि पोर वळली. मी तिथेच होते, डोक्यावरून पदर घेऊन. मला खरंच वाटलं. मी हाक मारली होती, हे मला आठवत होतं ना. बाप त्यानंतर दोन वर्षं जगला. कधी या घरी आला नाही. मरताना मी त्याला पाणी पाजायला गेले, तर त्याने माझ्या भावाच्या हातून घेतलं.

मुस्तुलुस : मला वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. मग तो गेला.

सिद्दिना : तो गेला तरी मी होते की.

मुस्तुलुस : होतीस.

सिद्दिना : माझ्या ताटात जेवत होतास. माझ्या शेजारी झोपत होतास. मी बकरीला हाक मारत नव्हते, ते बघत होतास. तुला कधी वाटलं नाही, हिला एकदा सांगावं?

मुस्तुलुस : रोज वाटलं.

सिद्दिना : रोज.

मुस्तुलुस : सांगितलं असतं तर तू गेली असतीस.

सिद्दिना : गेले असते. बापाकडे गेले असते. त्याने दार उघडलं असतं.

दामास : काकू, पाणी घ्या थोडं.

सिद्दिना : नको. दामासभाऊ, तुमचा तो शब्द. ग्रीकमधला. त्याचा अर्थ पुन्हा एकदा सांगा.

दामास : आता ते कशाला, काकू? मी दुसरा शोधीन.

सिद्दिना : सांगा.

दामास : वरून ओझं. दोन्हीकडून आवळणं. श्वासाला जागा न उरणं.

सिद्दिना : त्यात दाणा सुटतो असं कुठे आहे का?

दामास : नाही. ते मी माझ्या मनाने घातलं.

सिद्दिना : मग ते काढा. खळ्याबाहेर उभा असतो त्याला दाणा दिसतो. बाकी शब्द बरोबर आहे. तोच लिहा.

दामास : लिहू?

सिद्दिना : लिहा. मी तो अकरा वर्षं एकटीच म्हणत होते. आता सगळे म्हणतील, तर बरंच आहे. आणि वाचणार हाच.

मुस्तुलुस : माझ्याने होणार नाही.

सिद्दिना : अक्षरं कशाला शिकलास मग? पन्नाशी उलटल्यावर या बिचाऱ्याचा जीव खाल्लास वर्षभर. रविवारी पुढे उभं राहता यावं म्हणून?

मुस्तुलुस : नाही.

सिद्दिना : मग?

मुस्तुलुस : मास्तरांना विचार. पहिल्या दिवशी मी त्यांना काय म्हणालो होतो.

दामास : म्हणाले होते, एक नाव लिहायला शिकवा, बाकी नाही आलं तरी चालेल. मी विचारलं, कुणाचं. तर म्हणाले, आधी सगळी अक्षरं येऊ देत.

मुस्तुलुस : तिच्या कबरीवर दगड बसवायचा होता. कुणा परक्याकडून लिहून घ्यायचा नव्हता. परका विचारतो, कशी गेली.

सिद्दिना : अक्षरं येऊन वर्ष झालं.

मुस्तुलुस : नाव येतं लिहिता. पुढचं येत नाही.

सिद्दिना : पुढचं काय असतं दगडावर, दामासभाऊ?

दामास : नाव. कुणाची कोण. किती वर्षं जगली. कधी गेली. बास, एवढंच.

सिद्दिना : मग काढा तुमची मेणाची पाटी. मेण मऊ आहे ना? द्या त्याच्या हातात.

मुस्तुलुस : आत्ता?

सिद्दिना : आत्ता. बोलत बोलत लिही, म्हणजे मला कळेल. मला अक्षरं येत नाहीत.

मुस्तुलुस : हात चालत नाही.

सिद्दिना : करवत धरल्यावर चालला होता ना? लिही.

मुस्तुलुस : दातिवा.

सिद्दिना : पुढे.

मुस्तुलुस : मुस्तुलुस आणि सिद्दिना यांची मुलगी. आधी तुझं नाव लिहू?

सिद्दिना : लिहिलंस तसं असू दे.

मुस्तुलुस : जगली सहा वर्षं, चार महिने.

सिद्दिना : आणि नऊ दिवस.

मुस्तुलुस : आणि नऊ दिवस. दामासमास्तर, नऊ कसा लिहू?

दामास : चार रेघा आणि त्यांच्या आधी पाचाची खूण. हं. बरोबर.

सिद्दिना : कधी गेली?

मुस्तुलुस : टोळधाडीच्या पुढच्या वर्षी, मळणीच्या चौथ्या दिवशी, सकाळी.

सिद्दिना : नीट लिही. तू बैलांच्या तोंडाशी होतास. तू मागे बघत होतास. सकाळी कधी?

मुस्तुलुस : सिद्दिना...

सिद्दिना : मला दुसरं काही नको. सकाळी कधी गेली माझी पोर?

मुस्तुलुस : तू घराबाहेर यायच्या आधी. आईची हाक आली, त्याच्या आधीच ती गेली होती.